खुंटीवरचा दोर

फार पूर्वी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक गाव होतं, आणि त्या गावात दोर वळणारी एक बाई राहत होती. तिला नाव होतं, पण ते लग्नाच्या पंगतीबरोबरच संपलं. ती डावखुरी होती. सासरी आल्या दिवशी तिने डाव्या हाताने चुलीत लाकूड सारलं, ते शेजारणीने पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं गाव तिला डावरी म्हणू लागलं. गावाला नवं नाव ठेवायला फारसा वेळ लागत नाही.

डावरीच्या घरी माणसं तीन. ती, तिचा खलाशी नवरा आणि तिची सासू. नवरा गलबतावर असायचा. दोघी बायका घरी नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजत घालायच्या, काही महिन्यांनी ती काढून बडवायच्या, काथ्या मोकळा करायच्या आणि त्याचा दोर वळायच्या. बडवायचं काम सासूचं. ती मोगरीने सोडणं बडवायची आणि अधूनमधून जिभेने सुनेलाही.

डावरीच्या दोराची एक खोड होती. हात डावा, म्हणून वळ उलटी पडायची. गावातल्या इतर दोरांचा पीळ एकीकडे झुकायचा, हिच्या दोराचा दुसरीकडे. दोर मजबूत असायचा, पण सवयीच्या हाताला तो जरा निराळा लागायचा. पहिल्या वर्षी सासूने कपाळावर हात मारून घेतला होता. पुढे तीच गिऱ्हाइकांना सांगायची, "वळ उलटी आहे, पण सून सरळ आहे. न्यायचा तर न्या."

आता या गावातली एक चाल सांगितली पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच टांगलेली आहे.

घरचं माणूस समुद्रावर निघालं, की त्या घरात त्याच्या नावाने एक दोर वळायचा आणि दाराआडच्या खुंटीला टांगायचा. माणूस परत आला, की त्याने आपल्या हाताने तो दोर उतरवायचा. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. दोर खुंटीवर आहे तोवर माणूस सुखरूप आहे, असं सगळे मानायचे. ही चाल कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

बाकीच्या घरांत हा दोर म्हणजे वीतभर वेटोळं असायचं, नावापुरतं. डावरीचं तसं नव्हतं. तिच्या हाताशी काथ्या होता आणि मनाशी काळजी. दिवाळी झाली आणि नवरा कौलांचं गलबत घेऊन दक्षिणेकडच्या बंदराला गेला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती त्याच्या दोराचं मोकळं टोक हातात घ्यायची आणि मनातली भीती निवेपर्यंत वळत राहायची. वारा पडला तरी वळायची, वारा सुटला तरी वळायची. दोर वाढत गेला. खुंटीवरचं वेटोळं एवढं फुगलं की दार पुरतं उघडेना. घरात यायचं तर अंग चोरून यावं लागायचं.

"अगं, त्याला बंदरातून ओढून आणायचा बेत आहे का तुझा?" सासू विचारायची.

डावरी हसायची आणि आणखी थोडा दोर वळायची.

या गावात डावरीचा एकच वैरी होता, तो म्हणजे म्हातारा तरीवाला. खाडीपलीकडे वाळूचा एक सखल दांडा होता आणि त्यावर मिठागरात राबणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. दांड्याची मागची, दक्षिणेकडची वाट ओहोटीलाच उघडी पडायची. तिकडच्यांना इकडे आणायचं आणि इकडच्यांना तिकडे पोचवायचं, ते तरीवाल्याच्या होडीने. खाडीचं तोंड अरुंद, पण ओढ जबरदस्त. नुसत्या वल्ह्यांवर भरलेली होडी समुद्रात वाहून जायची. म्हणून दोन्ही काठांना एक लांब दोर ताणून बांधलेला असायचा. तो होडीच्या कडीतून ओवलेला असायचा आणि माणसं तो हाताने ओढत ओढत पलीकडे जायची.

तो दोर जुना झाला होता. तुटला की तरीवाला गाठ मारायचा. पुन्हा तुटला की पुन्हा गाठ. होडीच्या कडीत गाठ अडकली की उतारू वैतागायचे आणि म्हातारा उतारूंवर वैतागायचा.

"काका, नवा दोर न्या की माझ्याकडून," डावरी त्याला एकदा म्हणाली होती. "तुमच्या दोरात दोर कमी आणि गाठीच जास्त झाल्या आहेत."

म्हाताऱ्याला ते झोंबलं. "उलट्या वळीचा दोर माझ्या होडीला नको," तो म्हणाला. "उलट्या दोराने होडी उलटायची."

"उलटली तर पोहून या. गाठी मोजत बसण्यापेक्षा बरं."

झालं. तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना. खाडीवर समोरासमोर आली, तर तरीवाला ढगांकडे बघायचा आणि डावरी चिखलाकडे.

अशात एके दिवशी सकाळी खेकडे गावात आले.

वाळूतले ते छोटे खेकडे, जे माणसाची चाहूल लागली तरी बिळात पळतात, ते रांगेने वर चढून लोकांच्या अंगणात आले. कुणाच्या तुळशीपाशी, कुणाच्या रांजणाखाली. वारा जराही नव्हता, आणि तरी समुद्र आतून फुगल्यासारखा वरखाली होत होता. आभाळाला तांब्याच्या घासलेल्या भांड्याचा रंग आला होता. दुपार व्हायच्या आत बंदरावरच्या चौकीवर वादळाचा बावटा चढला.

मग काय, गाव कामाला लागलं. होड्या ओढून माडांच्या मुळाशी आणल्या. जाळी गुंडाळली. सुकी लाकडं माळ्यावर गेली, पिण्याचं पाणी हंड्यांत भरलं, आणि आयाबायांनी भाकऱ्यांच्या चवडी रचल्या. वादळात पोराबाळांना भूक जास्त लागते, असं तिथल्या बायका म्हणत, आणि ते खरंही असावं. पुरुष घरांवर चढले. गवताची छपरं दोराने आवळायची आणि दोराच्या टोकांना दगड लटकवायचे, म्हणजे वाऱ्याला छप्पर उचलता येत नाही.

त्यासाठी दोर लागतो. अख्खं गाव डावरीच्या दारात उभं राहिलं.

तिने कुणाला नाही म्हटलं नाही. जाडा दोर, बारीक दोर, विहिरीचा, बैलाचा, वाळत घातलेला, अर्धा वळलेला, जे होतं ते दिलं. अंग चोरून लोक आत यायचे, दोर न्यायचे आणि जाताना खुंटीवरच्या त्या मोठ्या वेटोळ्याकडे बघायचे. मागितला मात्र कुणीच नाही. प्रत्येकाच्या घरी तशीच एक खुंटी होती.

देता देता घर रिकामं झालं. आपल्या छपरासाठी काही ठेवायचं डावरीच्या लक्षातच राहिलं नाही. तिचं लक्ष हातांत नव्हतं, दूर पाण्यावर होतं. गलबत आत्ता कुठे असेल? बावटा त्यांना दिसला असेल का? की भर समुद्रात असतील?

सासूला तिने यातलं काही दाखवलं नाही. सासूनेही तिला काही दाखवलं नाही. दोघी जेवायला बसल्या. डावरीने आमटीत मीठ दोनदा घातलं होतं. एरवी सासूने तेवढ्यावरून तिच्या माहेरच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज ती आमटी तिने मुकाट्याने भाताबरोबर खाल्ली आणि वर ती म्हणाली, "चांगली झाली आहे." तेव्हा डावरीला कळलं, की सासू आपल्याहूनही जास्त घाबरली आहे.

हात धुते न धुते तोच दारात सावली पडली. तरीवाला आला होता.

तो आत आला नाही. आज त्याने ढगांकडे बघितलं नाही. डावरीकडेच बघितलं.

"दोर तुटला," तो म्हणाला. "सगळाच गेला. जोडायला गेलो तर दोन गाठींच्या मध्ये धड हातभर दोर राहिलेला नाही."

"आणि दांड्यावरची माणसं?"

"तिकडेच आहेत. मागची वाट फुगलेल्या समुद्राने कधीच बुडवली. बावटा चढला तशी सगळी काठावर येऊन उभी आहेत. पोरंबाळं, म्हातारी. माझी लेकही त्यांच्यातच आहे, तान्हं मूल घेऊन." त्याने घसा साफ केला. "रिकामी होडी मी वल्ह्यांवर एकदा पलीकडे नेईन. भरलेली परत आणता यायची नाही. संध्याकाळची भरती चढली, की दांड्यावरून पाणी जाणार."

"काका, माझ्याकडे तुकडेसुद्धा उरलेले नाहीत हो. गावातून गोळा करून जोडले तर?"

"गाठ चालत नाही गं. या ओढीत होडी मध्येच अडकली, तर सगळ्यांना घेऊन बुडेल. अखंड दोर पाहिजे. या काठापासून त्या काठापर्यंत."

असा दोर गावात एकच होता. दोघांनीही त्याच्याकडे बघितलं नाही, पण तो दाराआड एवढा मोठा टांगलेला होता, की न बघणंही बघण्यासारखंच झालं.

डावरीला रोजची दिवेलागण आठवली. या दोराच्या प्रत्येक हातभर लांबीत तिने नवऱ्याचं नाव वळलं होतं. आज, नेमकं आज, तो समुद्रावर असताना आणि वादळ दारात असताना तो दोर खुंटीवरून काढायचा? उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर? गाव काही बोलणार नाही. पण आपण जन्मभर स्वतःला काय सांगायचं?

"काका," ती म्हणाली, "एवढा दोर मागू नका."

"मागत नाही," तरीवाला म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो, तर मीही दिला नसता. नुसतं सांगायला आलो. बाकी कुणाला सांगायचं?" आणि तो वळला.

सासू खुंटीखालीच भिंतीला टेकून बसली होती. या चालीची ती फार कडक होती. एकदा मांजराने वेटोळ्यात डोकं घातलं, तर तिने त्या मांजराला गावाबाहेर सोडून दिलं होतं. ती आता बोलली, पण सुनेकडे न बघता.

"याच खुंटीवर तुझ्या सासऱ्याचा दोर होता," ती म्हणाली. "मी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. कुणाची गाय विहिरीत पडली, तरी दिला नाही. रोज धूळ झटकायची. पावसाळे गेले. शेवटी खुंटीवरच कुजला, आणि एक दिवस आपोआप खाली पडला."

डावरीने हे कधीच ऐकलं नव्हतं. सासरा समुद्रावर गेला, एवढंच तिला माहीत होतं.

"दोर मी सांभाळला गं," सासू म्हणाली. "माणूस नाही आला. खुंटीवरच्या दोराने कुणाची होडी धरली आहे का कधी?" तिने पदराने नाक पुसलं. "माझा मुलगाच आहे तो. मला काय त्याची काळजी नाही? पण दोर तू वळला आहेस. तूच काय ते ठरव."

दूर दक्षिणेला डावरीचं माणूस होतं, आणि त्याच्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. पलीकडच्या काठावर कुणाकुणाची माणसं होती, आणि त्यांच्यापर्यंत पोचेल एवढा दोर तिच्या दाराआड होता.

तिने पाट ओढला, त्यावर चढली आणि डाव्या हाताने वेटोळं खुंटीवरून उतरवलं. मनात नवऱ्याला म्हणाली, "रागावू नका हो." आणि मोठ्याने म्हणाली, "काका, थांबा! एकटीला पेलवत नाही, तुम्ही एक बाजू धरा."

दोघांनी ते वेटोळं खांद्यावरून खाडीवर नेलं. एक टोक काठावरच्या उंडीच्या झाडाच्या बुंध्याला बांधलं. दुसरं होडीत घेऊन तरीवाला वल्ह्यांवर निघाला. वारा आता सुटला होता. होडी वाकडीतिकडी जात होती, आणि मागे डावरीचा दोर पाण्यावर तरंगत सुटत होता. काथ्याचा दोर बुडत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती एकेक वेढा मोजत होती. वेटोळं लहान होत गेलं, आणखी लहान झालं. पुरतो की नाही? शेवटचे वेढे सुटत असताना होडी पलीकडच्या वाळूला लागली. मिठागरवाल्यांनी टोक धरलं, दगडी खुंटाला आवळलं आणि दोर खाडीवर ताठ उभा राहिला.

मग खेपा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला पोरं आणि त्यांच्या आया आल्या. तरीवाल्याची लेक तान्ह्या मुलाला पदरात बांधून उतरली आणि उतरल्या उतरल्या रडायला लागली. डावरीने तिला उराशी धरलं आणि तीही रडली, कारण तिला कधीपासून रडायचंच होतं, फक्त निमित्त मिळत नव्हतं. मग म्हातारी माणसं आली. मग कोंबड्या, बोचकी आणि मिठाची एक गोणी, जी टाकून यायला एक म्हातारी काही केल्या तयार नव्हती. तरीवाला आणि मिठागरवाले दोर ओढत होते, आणि दोराचा उलटा पीळ ओल्या हातांत घट्ट बसत होता. कडीत काही अडकलं नाही. शेवटच्या खेपेला पाणी दांड्यावरच्या झोपड्यांच्या उंबऱ्याला लागलं होतं.

गावाने ती माणसं वाटून घेतली. दोन या घरात, तीन त्या घरात. तरीवाल्याचं घर अगदी काठाला, म्हणून तो, त्याची लेक आणि ती गोणीवाली म्हातारी डावरीकडे आली. दारात येताच तरीवाल्याने वर बघितलं आणि तो ओरडला, "अगं बाई, तुझं छप्पर?"

छपराला एकही दोर नव्हता. सगळ्या गावाची छपरं आवळलेली, आणि दोर वळणारीचं उघडं. सासू कपाळावर हात मारून म्हणाली, "लोकांना दोर पुरवत बसली, स्वतःचं डोकं झाकायचं विसरली! याला काय म्हणावं!"

"ओरडू नका, माझ्याकडे आहे," तरीवाला म्हणाला आणि धावत गेला. तो आला तो जुन्या दोराची ती गाठाळ भेंडोळी घेऊन. मिठागरवाल्या पुरुषांनी ते तुकडे छपरावरून फेकले, दोन्ही बाजूंना दगड बांधले. दगडाचे फास नेमके गाठींवर जाऊन बसले आणि इंचभरही घसरेनात.

"बघितलंस?" तरीवाला घाम पुसत म्हणाला. "माझ्या गाठींना नावं ठेवत होतीस."

"ठेवत होते," डावरी म्हणाली. "आता परत घेते."

वादळ दिवस मावळताना आलं. त्याचं वर्णन काय करायचं? ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. घराच्या सगळ्या बाजूंनी एकदम कुणीतरी दार वाजवतंय, असं वाटत होतं. आत मात्र गर्दी होती आणि ऊब होती. गोणीवाल्या म्हातारीने आमटी चाखली आणि म्हणाली, "यात मीठ जास्त आहे. मीठ आमचं आहे, मला कळतं." त्यावर सासू इतकी हसली की तिला ठसका लागला. बाळ वादळात ढाराढूर झोपलं होतं.

सकाळी वारा थकला. अर्धे माड आडवे झाले होते, देवळाचा कळस वाकला होता, डावरीच्या छपराचा एक कोपरा उडाला होता. माणूस एकही गेलं नव्हतं. लोक खाडीवर गेले. पलीकडच्या दांड्यावर झोपड्या नव्हत्याच. तिथे कुणी राहत होतं, हे सांगूनही खरं वाटलं नसतं, अशी गुळगुळीत वाळू पसरली होती. आणि खाडीवर, फेसाळ गढूळ पाण्यावर, डावरीचा दोर तसाच ताणलेला होता.

पुढचे दिवस कामाचे गेले. दांड्यावरच्यांना नव्या झोपड्या हव्या होत्या, म्हणून लोक रोज होडीतून ये-जा करत होते. डावरीही वासे आणि झावळ्या पोचवत होती. हात चालू असले की बरं वाटायचं. पण घरी परत आली, की दार आता पुरतं उघडायचं, आणि ते पुरतं उघडणारं दारच तिला खुपायचं. दाराआडची खुंटी रिकामी होती.

सासूच्याही ते लक्षात आलं असावं. तरीवाल्याची लेक नवी झोपडी होईतो त्यांच्याकडेच होती. एक दिवस डावरी घरी आली, तर खुंटीवर बाळाची धुतलेली कुंची वाळत होती.

"रिकामी खुंटी बघवत नाही," सासू म्हणाली. "काहीतरी असलेलं बरं."

डावरीने नवा काथ्या घेतला आणि दिवेलागणीला बाळाच्या पाळण्यासाठी दोर वळायला बसली.

मग एका सकाळी ती खाडीच्या चिखलात सोडणं पुरत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपरापर्यंत चिखल, एक बट कपाळावर आलेली, ती मागे सारायला गेली तर कपाळालाही चिखल. पलीकडून होडी सुटली होती. तिने सहज मान वर केली आणि तिला राग आला. तरीवाला होडीच्या टोकाला पाय पसरून विडी ओढत बसला होता आणि एकट्या उतारूला दोर ओढायला लावत होता. किती आळशी झाला हा म्हातारा, ती मनात म्हणाली.

होडी खाडीच्या मध्यावर आली आणि थांबली. उतारूने ओढणं थांबवलं होतं. तो वाकून दोराकडे बघत होता. त्याने दोरावरून बोटं फिरवली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, जशी आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवतो. मग त्याने मान वर करून काठाकडे बघितलं आणि असा भराभर दोर ओढू लागला, की तरीवाल्याच्या तोंडातली विडी पाण्यात पडली.

डावरीच्या हातातलं सोडण खाली पडलं. तिला पळायचं होतं, पण पाय चिखलात रुतलेले. ती तिथेच उभी राहिली आणि बघत राहिली. एका हातामागे दुसरा हात, एका हातामागे दुसरा हात, दोर धरून तिचा नवरा घरी येत होता.

होडी काठाला लागली. तो उडी मारून थेट चिखलातच उतरला.

"गलबत?" तिला एवढंच सुचलं.

"शाबूत आहे. बावटा बघून बंदरातच वाळूवर ओढलं. शीड फाटलं म्हणून मी जमिनीच्या वाटेने चालत आलो." तो धापा टाकत होता. "दोर उलटा वळलेला आहे गं! मध्यावर आल्यावर हाताला कळलं. या म्हाताऱ्याला विचारलं, तर नुसता हसतो."

"तुमच्याच नावाचा आहे," डावरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "खुंटीवरून मी काढला. तुम्ही समुद्रावर असताना काढला. रागावलात का?"

त्याने दोराकडे बघितलं, पलीकडच्या नव्या झोपड्यांकडे बघितलं. तिथे कुणीतरी चूल पेटवली होती आणि धूर सरळ वर जात होता.

"खुंटीवर असता, तर मी येऊन नुसता उतरवला असता," तो म्हणाला. "आता धरून आलो. यात रागवायचं काय?"

तोवर सासू येऊन पोचली होती. तिने मुलाला आधी चार शब्द सुनावले, की चपला फाटेपर्यंत चालायची काय गरज होती, निरोप धाडता येत नव्हता का. मग त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती रडली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

जेवताना तो बंदरातली हकिगत सांगू लागला. "गलबत ओढून झालं आणि हात रिकामे राहिले. मन खाऊ लागलं. तुम्ही दोघीच इथे, छप्पर कोण आवळणार? मग तिथे एक म्हातारा-म्हातारी होती, त्यांच्या छपरावर चढलो आणि ते बांधलं. म्हटलं, मी इथे कुणाचं तरी बांधतो, तिकडे आमचं कुणीतरी बांधत असेल."

"बांधलं," दारातून तरीवाला म्हणाला. डावरीने त्यालाही जेवायला बोलावलं होतं. "गाठीच्या दोराने बांधलं. उलट्या वळीच्या दोराने आम्ही तरलो, आणि गाठीच्या दोराने हे घर. कुणी कुणाला नावं ठेवायची सोय राहिली नाही."

त्या गावात ती चाल अजून आहे. माणूस समुद्रावर गेलं, की त्याच्या नावाचा दोर अजूनही खुंटीला टांगतात. फक्त आता तो वीतभर नसतो, चांगला लांब आणि मजबूत वळतात. आणि कुणाची गाय विहिरीत पडली किंवा कुणाचं छप्पर उडू लागलं, तर खुंटीवरचा दोर पहिला बाहेर येतो. दोर देताना घरची बाई एकच म्हणते, "न्या हो. आमचं माणूस लांब आहे, त्यालाही तिकडे कुणीतरी देवो."

तात्पर्य: आपलं माणूस दूर असताना त्याची काळजी नुसती खुंटीला टांगून ठेवू नये. ती जवळच्या कुणाच्या तरी उपयोगी पडू द्यावी. आपलं माणूस कधीकधी तोच दोर धरून घरी येतं.